शून्य अंशाचं मेण

आमच्या गावात कुणाची बायको पळून गेली तर लोक दोन दिवस बोलतात. स्कीला चुकीचं मेण लावणारा माणूस मात्र मेला तरी सुटत नाही, थडग्याशी उभे राहून लोक हळूच म्हणतात, "हाच तो, त्या वर्षी लाल लावलं होतं." म्हणून मार्चमधल्या त्या शनिवारी मी जे केलं, ते मी एकदाच कबूल केलं, आणि तेही भीतीपोटी.

रागना आमच्याकडे रानशाळा चालवते. एकवीस पोरं आठवड्याचे दोन दिवस तिच्याबरोबर जंगलात असतात. चूल पेटवतात, तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरतात, हिवाळ्यात उघड्यावर झोपतात आणि घरी येऊन आईबापांना नाजूक म्हणतात. यंदा नगरपालिकेने पैसे बंद केले. गावाने मदतीसाठी स्की-दिवस ठरवला, पण वॅफल विकून शाळा चालत नसते. खरी मदत एकाच माणसाला परवडणार होती. लाकडाच्या गिरणीचा मालक, हालवर.

"तीस किलोमीटर," हालवर भर सभेत म्हणाला होता. "बारा ते तीन. कुणाची मदत घ्यायची नाही. वेळेत आलीस तर शाळेचा वर्षाचा खर्च माझा."

"आणि तीनला एक मिनिट जास्त झालं तर?" रागनाने विचारलं.

"तर शाळा बंद, आणि मला एक कॉफी पाज."

रागना सेहेचाळीस वर्षांची. तीस किलोमीटरचं तिला काही वाटत नाही. पण शनिवारी सकाळी पारा बरोबर शून्यावर आला आणि वरून ओला बर्फ पडायला लागला. शून्य म्हणजे आमच्यासाठी शापच. थंडी असेल तर निळं मेण, ओल असेल तर लाल; शून्याला काय लावायचं यावर सख्खे भाऊ वेगळे झालेले मी पाहिलेत. पायाखाली मेण जमलं नाही तर चढावर स्की मागे घसरते, आणि जास्त झालं तर बर्फ धरून बसते.

रागनाने निळं लावलं, स्की बाहेर बर्फात रोवून ठेवल्या आणि कॉफी प्यायला आत गेली.

निळं! शून्याला! थोड्या वेळाने मी तिकडे गेलो आणि आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. खिशातून मेणाची लाल कांडी काढून, तळ नीट न बघताच, दोन्ही स्कींवर दोन-दोन हात फिरवले. मदत म्हणून नव्हे, फक्त चूक बघवत नव्हती म्हणून.

बारा वाजता ती निघाली. दहा किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. माझी आणि शेजारच्या आस्लाकची नेमणूक पाचव्या किलोमीटरवर, वॅफलच्या टेबलाशी. पहिल्या फेरीत ती बारा पंचवीसला आली. हसली, पण दम लागलेला दिसला.

"जरा जड चाललीय," आस्लाक म्हणाला.

"ओला बर्फ आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या फेरीत तिने एक वीसला यायला हवं होतं. दीड झाला. आस्लाक वॅफल जाळायला लागला. पावणेदोनला ती झाडांमधून दिसली. ती सरकत नव्हती, चालत होती. प्रत्येक पायाखाली पावासारखा बर्फाचा गठ्ठा.

टेबलाशी येऊन तिने स्की काढल्या आणि उलट्या केल्या.

"मी फक्त निळं लावलं होतं," ती म्हणाली. "नुसतं निळं. मग हे काय आहे?"

मी शेकोटीकडे पाहिलं. बोललो तर बाहेरची मदत झाली म्हणून अट मोडणार. गप्प बसलो तर ती याच गठ्ठ्यांवर पंधरा किलोमीटर जाणार आणि शाळा तशीही बुडणार.

"ओडवार," ती मला म्हणाली, "तू डोळे का चुकवतोयस?"

"थोडं लाल," मी म्हणालो. "अगदी थोडं."

"तू पण?" आस्लाक ओरडला, आणि मग त्यालाच आपण काय बोललो ते कळलं. "मी फक्त नळीतलं चिकट मेण... बोटभर. तिच्या भल्यासाठी!"

रागनाने हातमोजे काढले. आम्हाला पोरं समजून रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने वॅफलबरोबरच्या तपकिरी चीजच्या ठोकळ्यावरची सुरी उचलली आणि स्की खरवडायला लागली. आधी लाल निघालं, मग आस्लाकचा चिकट थर तारांसारखा ताणत आला. त्याच्याखाली काहीतरी काळं होतं. पाइनच्या धुराचा वास आला.

पाइनचं डांबर गावात एकच माणूस अजून स्वतः कढवतो, गिरणीच्या मागे, आणि गेली चाळीस वर्षं तो सांगत आलाय की शून्याला तेच चालतं.

"हालवरने?" आस्लाक पुटपुटला. "पण त्याला तर तू हरायला हवीयस ना?"

"त्याला काय हवंय ते त्यालाच माहीत," रागना म्हणाली. तिने निळंही खरवडून काढलं. स्की साफ, कोऱ्या. आता घसरणं चांगलं, पण पकड शून्य. पुढचे पंधरा किलोमीटर फक्त हातांच्या जोरावर, काठ्या मारत. "किती वाजले?"

"एक पन्नास."

ती गेली. तिसऱ्या फेरीत आली तेव्हा दोन चाळीस झाले होते. पाच किलोमीटर बाकी, वीस मिनिटं. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. आम्ही आस्लाकच्या स्नो-स्कूटरवर बसून शेवटच्या रेषेकडे पळालो.

तिथे सगळं गाव उभं होतं. एकवीस पोरं एका रांगेत. हालवर घड्याळ हातात धरून. तीन वाजले. तीन एक. तीन दोन. हालवर घड्याळावरून नजर काढत नव्हता, जणू काटा आपल्या नजरेने थांबेल.

तीन वाजून चार मिनिटांनी रागना रेषेवर येऊन पडली.

"चार मिनिटं," ती बर्फातूनच म्हणाली. "कॉफी कशी घेतोस?"

डांबराचा शब्दही तिने काढला नाही. मी आस्लाककडे पाहिलं, आस्लाकने झाडांकडे.

हालवरचा चेहरा लाल झाला. त्याने घड्याळ खिशात घातलं, परत काढलं.

"ती चार मिनिटं माझी आहेत," तो म्हणाला. "सकाळी मी तिच्या स्कीला डांबर लावलं. तिने वेळेत यावं म्हणून."

गाव दोन पावलं पुढे सरकलं.

"मग?" कुणीतरी मागून विचारलं.

हालवरने घसा साफ केला. चाळीस वर्षांचं म्हणणं गिळायला वेळ लागतोच.

"शून्याला डांबर चालत नाही," तो म्हणाला. "खर्च माझा."

पोरांनी जे केलं त्याला आरडाओरडा म्हणतात. त्या गोंधळात आस्लाक माझ्या कानाशी आला.

"आपलंही सांगायचं का?"

"तो एवढं मोकळेपणाने बोलतोय," मी म्हणालो, "मध्ये कशाला तोंड घालायचं."