नॉर्बर्ट क्राउस दिवस

आमच्या घरी वर्षाचे ऋतू दोनच. एकात माझा नवरा बेसबॉल खेळतो म्हणून घरी नसतो, दुसऱ्यात बास्केटबॉल खेळतो म्हणून नसतो. मधे आठवडाभर येतो, गुडघ्यावर बर्फ ठेवून झोपतो, आणि गावाला म्हणायला मिळतं, नॉर्ब आलाय.

आमच्या इंडियानात असली माणसं डोक्यावर घेतात. त्यात दोन-दोन खेळांच्या मोठ्या संघांत गेलेला आमच्या गावातला हा एकटाच. त्यामुळे त्याच्यावर हक्क आधी गावाचा, मग उरलासुरला माझा. पेगी जन्मली जानेवारीत. तेव्हा बाप सिरॅक्यूजला बास्केटमध्ये चेंडू टाकत होता. आता ती चार वर्षांची आहे आणि बाप तिला भेटतो तो रेडिओवर. निवेदक "क्राउस" म्हणाला की ती टाळ्या पिटते.

यंदा जुलैत डॉक्टरांनी सांगितलं, हा गुडघा दोन खेळ सोसायचा नाही. मी म्हटलं, "बास्केटबॉल सोड. उन्हाळा जगाला दे, हिवाळा आम्हाला."

"सोडतो गं, लोरेन. माझ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगतो."

त्याचा दिवस म्हणजे सत्कार. गाव वर्गणी काढतं, शहरातल्या मैदानावर जातं, सामन्याआधी आपल्या खेळाडूला भेटी देतं आणि मग तो खेळाडू त्या दिवशी हमखास माती खातो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण भेटी सामन्यानंतर द्याव्यात हे अजून कुणाला सुचलेलं नाही.

सप्टेंबरात बसगाड्या भरून गाव लोटलं. डुकराच्या मांडीचा भला मोठा हॅम दिला, शिकारीची बंदूक दिली. ऑर्व्हिल न्हाव्याने तर डुलती खुर्चीच आणली.

"म्हातारपणी बस हिच्यात," तो माइकवर म्हणाला. "आत्ताच टेकलास तर बिनसाबणाची दाढी करीन."

लोक हसले. नॉर्बचे डोळे भरून आले. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "मला एक सांगायचंय." मी पेगीला कडेवर घेतलं.

तेवढ्यात प्रेक्षकांतल्या वरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "हिवाळ्यात भेटूच, नॉर्ब."

"भेटू की," नॉर्ब म्हणाला. "पाय आहेत तोवर दोन्ही खेळणार."

मैदान दणाणलं. मला आणि गुडघ्याला कुणी विचारलं नाही.

सहाव्या डावात तो दुसऱ्या बेसवर घसरत गेला आणि चौघांनी उचलून आणला. पाय खेळायला कायमचा निकामी झाला. "दिवसच वाईट होता," असा निवाडा ऑर्व्हिलने दिला.

असा हिवाळा आम्हाला मिळाला. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी नॉर्ब प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून डुलत्या खुर्चीत बसला होता. त्याच्याच संघाचा सामना लागला होता आणि पेगी रेडिओला कान लावून बसली होती.

"पेगी, ये की इकडे, माझ्याजवळ."

"थांब ना," ती मागे न बघता म्हणाली. "आता डॅडी येईल."

खुर्ची डुलायची थांबली. मला त्याचा इतका राग होता, तरी त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना. सामना संपत आला, तरी ते नाव काही येईना. पोरगी हलेना.

मग नॉर्बने घसा खाकरला आणि निवेदकाच्या आवाजात हळूच म्हणाला, "चेंडू क्राउसकडे."

पेगीने टाळ्या पिटल्या, रेडिओकडे बघून.