केरूने उपसलेली टाकी

केरूचा आखातातला व्हिसा रद्द व्हायला दहा दिवस उरले होते. आता कायमचं गावी, पाटणला जायचं. त्याआधी त्याने बायकोला, आशाला, व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. मॉल वगैरे नंतर बघू म्हणाला. त्याला तिला आधी एक जागा दाखवायची होती. एका बेटावर जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले होते आणि तिथल्या उत्खननावर त्याने चार हिवाळे मजुरी केली होती. दोन वर्षांपूर्वी ती जागा लोकांसाठी खुली झाली होती. दर शनिवारी बस, पुढे बोट आणि सोबत गाईड.

फोनवर तो आशाला "खोदकामावर हाय" एवढंच सांगायचा. ती गावात तेच सांगायची, आणि लोक समजायचे, रस्त्याचं काम असेल.

गाईडचं नाव रंजिता. नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. गटात केरळच्या तीन नर्सबाई, काही फिलिपिनो आणि एक जर्मन जोडपं होतं. ती त्यांना इंग्रजीत सांगायची, मग या दोघांकडे वळून मराठीत.

"तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी इथे साधू राहायचे, काका. या लहान खोल्यांत एकेकटे."

केरू मान डोलवत होता. गुडघ्याएवढ्या त्या भिंतींचा कोपरा न् कोपरा त्याला ठाऊक होता. एका चौकोनी खड्ड्यापाशी थांबून रंजिताने सांगितलं, की ही साधूंची भट्टी, इथे रोटी भाजायचे. लोकांनी फोटो काढले आणि पुढे सरकले.

केरू मागे रेंगाळला. कुणी ऐकत नाही असं पाहून हळूच म्हणाला, "ताई, ही भट्टी न्हाई. पाण्याची टाकी हाय. भट्टी त्या पलीकडच्या भिंतीमागं."

"काका, दोन वर्षं मी इथे टूर करतेय."

"व्हय. पण आतनं गिलावा बघा की. भट्टीला गिलावा कशाला? जळका दगडबी न्हाई एक. सहा आठवडे मी हिच्यात बसून रेती उपसली."

रंजिताने खड्ड्याभोवतीच्या दोरीपाशी वाकून मोबाइलचा टॉर्च आत मारला. मग फाइलमधला नकाशा काढला. सात नंबर टाकी आणि नऊ नंबर भट्टी. पहिल्या दिवसापासून तिने दोन्हींची अदलाबदल केली होती. तिचे कान लाल झाले. गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण तिने हाक मारून सगळ्यांना मागे बोलावलं, चूक सांगितली, आणि केरूकडे हात करून म्हणाली, की ही टाकी या गृहस्थांनी उपसली आहे.

एका नर्सबाईंनी हिंदीत विचारलं, "भैया, अंदर क्या मिला?"

"पहले तो खाली रेत, मॅडम," केरू म्हणाला. "फिर नीचे उंगली का निशान." गिलावा करणाऱ्याने ओल्या चुन्यावरून बोटं फिरवली होती, तीन रेघा तशाच राहिल्या होत्या. "मैंने अपना उंगली रखा. बराबर बैठा. फिर साहब बहुत चिल्लाया, हाथ मत लगाओ!"

सगळे हसले. आशा हसली नाही. ती दोरीपाशी उकिडवी बसून बराच वेळ आत बघत राहिली.

परतताना बोटीत ती म्हणाली, "इतकी वर्षं हे का सांगितलं न्हाई?"

"काय सांगणार? फोटू काढायला बंदी हुती."

"फोटू कशाला पायजे? बोटांचं सांगायचं."



चार दिवसांनी अल कुसैस भागातल्या भाड्याच्या खोलीत केरू खोक्याला दोरी बांधत असताना टूरच्या यादीतून नंबर काढून रंजिताने फोन केला. तिने नकाशा पुढे घेऊन एकेका खोलीबद्दल विचारायला सुरुवात केली. केरूचे हात गुंतलेले, म्हणून आशाने फोन त्याच्या कानाशी धरला. तासभर बोलणं चाललं.

"बारा नंबरचं मला ठाव न्हाई, ताई," शेवटी तो म्हणाला. "तिथं रेती उपसायला सुजीत हुता. त्याचा नंबर देतो, लिवून घ्या."