आकृती क्रमांक चारमधलं पाणी

एकोणीसशे शहात्तर साली महादेवप्पांचा धाकटा मुलगा शिवयोगी सिस्टिम अ‍ॅनालिसिसच्या परीक्षेत पहिला आला आणि त्याला पदक मिळालं. हे वाचकांनी वाचलं असेल तर कृपया विसरावं. असं काही घडलंच नाही असं धरून आपण त्याआधीच्या चैत्रातल्या एका साध्या मंगळवारापाशी जाऊ. शिवयोगीलाही अलीकडे तसंच धरायला बरं वाटतं.

सोलापुरात मंगळवार पेठेत महादेवप्पांचं चादरींचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. चाळीस विणकरांना सूत द्यायचं, चादरी परत घ्यायच्या, बाहेरगावी पाठवायच्या, असा धंदा. शिवयोगी मुंबईला पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करत होता. कुठलाही कारभार घ्यायचा, त्यातली माहिती कुठून निघते नि कुठे पोचते ते चौकटी आणि बाण काढून दाखवायचं, आणि मग तो कारभार सुधारायचा, अशी ती विद्या. शेवटच्या प्रकल्पाला त्याने बापाचंच दुकान निवडलं. निदान जेवण तरी घरचं होतं.

पहिल्या दिवशी तो वही घेऊन गादीच्या कडेला बसला. मंगळवेढ्याचा व्यापारी आला. "आप्पा, लाल काठाच्या शंभर पुनवंपतुर मिळतील का?"

महादेवप्पांनी घसा खाकरला. "जरा पानी पिऊन येतो," म्हणाले, पडद्याआड गेले आणि मिशा पुसत परत आले. "साठ मिळतील. चाळीस पुढल्या सोमवारी."

मग येडू विणकर आला. त्याला निळं सूत हवं होतं. आप्पांना पुन्हा तहान लागली. परत येऊन म्हणाले, "तुज्याकडं मागली दोन पुडकी हायेत की. ती आदी विणून आण."

संध्याकाळपर्यंत आप्पा सतरा वेळा पाणी प्याले. शिवयोगीने इमानाने आकृती क्रमांक चार काढली: मागणी येते, मालक पाणी पितात, निर्णय होतो. ती मुंबईला प्राध्यापकांकडे पाठवली. उलट टपाली शेरा आला, 'सोलापूरच्या पाण्यात काय आहे ते शोधावे.'

शोध लांब नव्हता. पडद्याआड हंड्याशेजारी गुरम्मा वहिनी बसलेली असे. थोरल्या चन्नप्पाची बायको. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या डोक्यावर भिंतीत खुंट्यांची एक ओळ आणि त्यांवर सुताच्या चाळीस दोऱ्या. हे सगळं शिवयोगी सहा वर्षं पाहत होता. पाहिलं मात्र त्या दिवशी.

"ही दोरी येडूची," गुरम्मा म्हणाली. "एक गाठ म्हंजी एक पुडकं. चादरी आल्या की गाठ सोडायची. हे पांढरं सूत बांधलंय, ते त्याची बायकू बाळंत हाय म्हणून. तीन म्हैनं निम्मंच काम धरायचं."

"हे आप्पांना ठाऊक आहे?"

"त्यांना पानी ठाऊक हाय." ती कागदावर वाकली. "भावजी, ह्याच्यात मी कुटं हाय?"

शिवयोगीने 'मालक पाणी पितात' ही मधली चौकट दाखवली. ती हसली. "बरं हाय. कोन तरी पितंय म्हणायचं." मग दोरीची एक गाठ उगाच घट्ट करत म्हणाली, "तितं माजं नाव घाला की. गुरम्मा एवढंच. जागा लई लागत न्हाय."

"घालतो. शब्द."

शब्द रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. आप्पा भाकरी मोडत म्हणाले, "खुळा हायस का? रंडक्या बाईचं नाव दुकानाच्या कागदावर? बाजार काय म्हनंल, महादेवप्पा सुनंला इचारून धंदा करतोय?"

"करताच की, आप्पा."

"करतो. म्हनत न्हाय."

त्या लिंगायत घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग सारखंच होतं. बाई-बुवा, विधवा-सवाष्ण हा भेद शरण संतांनी मोडला, हे आप्पा दर सोमवारी मठात ऐकत आणि सगळ्यांत आधी मान डोलवत. फक्त गुरम्माची सावली गादीवर पडू नये म्हणून पडदा जाड घेतला होता. तोही स्वतःच्याच दुकानातला.

शिवयोगीने 'पाणी' खोडलं आणि टंकलेखकाला सांगितलं, 'मालकांची स्मरणशक्ती'.

वैशाखात मुंबईचे परीक्षक प्रत्यक्ष पाहणीला आले. गादीवर बसले, अहवाल चाळला आणि आप्पांना म्हणाले, "आपली स्मरणशक्ती विलक्षण दिसते. सांगा बरं, या घटकेला कोणाकडे किती सूत आहे?"

आप्पा उठले. "जरा पानी पिऊन येतो."

आले ते नुसत्या ओल्या मिशांनी. दोन मिनिटांनी पुन्हा गेले. पुन्हा आले. परीक्षक म्हणाले, "उन्हाळा फार आहे." तिसऱ्यांदा आप्पांनी मुलाकडे पाहिलं आणि शिवयोगी आत गेला.

गुरम्माने तांब्या पुढे केला. "घ्या. पानी हाय."

"वहिनी, आज नको हो. माझं वर्ष जाईल."

"माजं नाव घातलं का?"

"छापून झालंय आता."

"मग स्मरणशक्तीला इचारा," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. आवाज चढला नाही. एक खडा तेवढा ताटाबाहेर पडला.

त्या वेळी पडदा बाजूला करायला एक हात पुरला असता. शिवयोगीला दोन होते. एकात तांब्या होता आणि दुसऱ्याने तो पडदा नीट सारखा करून बाहेर आला. "साहेब," तो म्हणाला, "कारभार एकाच ठिकाणावर अवलंबून असला की कसा बंद पडतो, ते आम्ही मुद्दाम दाखवलं."

परीक्षक खूष झाले. त्यांच्या सगळ्या नोकरीत एवढा जिवंत दाखला कोणी दिला नव्हता. उपाय शिवयोगीने तिथल्या तिथे सुचवला: दर विणकराचं एक कार्ड करायचं, कार्डांची पेटी गादीपाशी ठेवायची.

महिनाभरात कार्डं झाली. ती भरायला माहिती लागली, ती आप्पांनी शिवयोगीच्या आईच्या, अव्वाच्या, तोंडून गुरम्माकडे मागवली. गुरम्माने तीन दिवस बसून चाळीसही दोऱ्या सांगितल्या, कारण विणकरांची चूक नव्हती. मग आप्पांनी दोऱ्या काढून चुलीत घातल्या आणि म्हणाले, "आता तिचं हितं काय काम?" करकंबच्या एस्टीत एक ट्रंक आणि गुरम्मा अशा दोन वस्तू चढवल्या. भाऊ तिथे होता, त्याच्या घरातही पडदा होता. शिवयोगी स्टँडवर गेला होता. ट्रंक त्यानेच वर दिली.

"कार्ड नीट भरा, भावजी," खिडकीतून ती म्हणाली. "येडूचं पांढरं सूत कार्डात बसत न्हाय."

बसलं नाही. येडूला कार्डाप्रमाणे पुरतं सूत दिलं. चादरी वेळेवर आल्या नाहीत, आप्पांनी त्याचं काम बंद केलं. त्याची बायको बाळंतिणीच्या अंगानेच मागावर बसली होती, हे पुढे कळलं. आप्पा अजूनही गिऱ्हाईक आलं की पडद्याआड जातात. हंड्यातून आपलं आपण पाणी घेतात आणि तसेच परत येतात.

पदक आलं त्याच दिवशी शिवयोगीने एक अर्ज टाइप केला. आजवर त्याच्या अकरा प्रती पाठवून झाल्या आहेत.

'मा. कुलसचिव यांस. विषय: प्रथम क्रमांकात दुरुस्ती करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर पदवी व पदक माझ्याकडून परत घेऊन श्रीमती गुरम्मा चन्नप्पा यांचे नावे करण्यात यावे. त्यांची सहा वर्षांची हजेरी हंड्याशेजारी लागलेली आहे. शुल्क त्यांनी भरलेले असून ते माझ्या नावे जमा झाले आहे. ही बाब नियमात बसत नसल्यास, निदान आकृती क्रमांक चारमधील मधली चौकट खोडून तेथे त्यांचे नाव घालण्यात यावे. गुरम्मा एवढेच. जागा फार लागत नाही.'