सातवा घोट

रविवारी सकाळी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटलं असतं, की आज इथे कसली तरी स्पर्धा आहे. चांगली मोठी, शिकलीसवरलेली माणसं ओंजळीत एकेक तपकिरी बाटली धरून जपून जपून पावलं टाकत होती. कुणी हाक मारली तरी वळून बघायचं नाही, कारण बाटली हलेल. एका गृहस्थांना शिंक येऊ लागली, तर त्यांनी आधी बाटली बायकोच्या हातात दिली आणि मगच ते शिंकले.

ही सगळी मंडळी निवांतबाबाकडे निघाली होती. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावर एक हॉल होता आणि दर रविवारी तिथे चमत्कार व्हायचा. समोर एका रांगेत अठरा खुर्च्या आणि त्यांवर अठरा रुग्ण. रात्र रात्र छताकडे बघणारे, छातीत धडधडणारे, दाराची कडी वाजली तरी दचकणारे. त्यांच्यासमोर दीडदोनशे बघे. रुग्णांनी सहा दिवस बाटली अजिबात न हलवता घरी औषध घेतलेलं असायचं आणि सातवा, शेवटचा घोट इथे सगळ्यांदेखत घ्यायचा असायचा. बाबा स्वतः प्रत्येकाच्या बाटलीत कोमट पाणी ओतायचा, ती खळाखळा हलवायचा आणि म्हणायचा, "सहा दिवस शांतीला झोपवलं. आज तिला जागं करू, म्हणजे तुम्ही झोपाल."

घोट घेऊन झाला की प्रवचन. बाबा भगवं नेसत नसे. आकाशी सदरा, पांढरी विजार आणि आवाज असा की ऐकणाऱ्याच्या कानात तूप ओतावं.

"एकटी मुळी म्हणजे एकटं माणूस, स्वतःशीच भांडत बसतं. आपल्या औषधात सात मुळ्या आहेत, सात सख्ख्या बहिणी. सात बहिणी एका घरात आल्या की काय होतं? शांतता."

यावर बायका हमखास हसायच्या.

"पहिली मुळी मेंदूला थोपटते. दुसरी काळजाची कडी लावते. तिसरी विचारांच्या तोंडावर रुमाल बांधते."

बाकीच्या चौघी काय करतात हे कुणी विचारत नसे, कारण तोवर पहिली मान कलंडलेली असे. मग दुसरी, मग तिसरी. पाऊण तासात भर सकाळच्या उजेडात अख्खी रांग झोपलेली. एकाची लाळ गळतेय, दुसऱ्याची चप्पल सुटून पडलीय, आणि समोर माणसं डोळे पुसतायत. प्रवचन नेमकं पाऊण तासाचंच का, हाही प्रश्न कुणाला पडला नव्हता.

त्या रविवारी मात्र सतरा माना पडल्या आणि एक ताठ राहिली. ती रंगवालीच्या आईची होती.

रंगवाली म्हणजे रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं डबे तपासणारी बाई. सगळी आळी तिला याच नावानं ओळखायची. वडील गेल्यापासून तिच्या आईची झोप उडाली होती, त्यात छातीचं जुनं दुखणं. दादानं, म्हणजे रंगवालीच्या थोरल्या भावानं, बाबाचं नाव सुचवलं आणि रंगवालीनंही नाही म्हटलं नाही. जडीबुटीनं काय बिघडतंय, असं तीच म्हणाली होती. ते वाक्य पुढे तिला फार दिवस टोचत राहिलं.

बाबा आईच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. आई टुकुटुकु त्याच्याकडे बघत होती.

"आजी, झोप येत नाही?"

"नाही हो. पहिल्या दिवसापासून रोज छान येत होती. उलट जरा जास्तच. परवा चहात मीठ घातलं मी. आजच येत नाही."

बाबाचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तो सभेकडे वळला. "पहिले सहा दिवस शांती झोपलेली असते. या आजींच्या घरात तिला कुणीतरी डिवचलंय. बाटली कुणी हलवली?"

आईनं मागे वळून लेकीकडे पाहिलं. सगळ्या हॉलनं पाहिलं.

रंगवालीनं हलवली होती. रोज आईला घोट देताना हलवली होती. वीस वर्षं तिनं न हलवता, न ढवळता कुठल्याही डब्यातून थेंबसुद्धा बाहेर काढला नव्हता. घरी तेलाची बाटलीसुद्धा ती आधी हलवायची. मुद्दाम असं काही नाही, हाताला लागलेली खोड होती.

"अश्रद्ध हाताची सावली," बाबा हळहळला. "आजी, दुसरी बाटली घ्या. पण या घरात ठेवू नका."

आईनं दुसरी बाटली घेतली. संध्याकाळी तिनं पिशवी भरली. "मी दादाकडे जाते. तुझा हात लागला की सगळं बिघडतं," म्हणाली. सत्तर वर्षांची बाई चारचौघांत ओशाळली होती, आणि त्याचं खापर लेकीच्या माथी फुटलं.

सोमवारी सकाळी शेजारचे चष्मेवाले काका गेले. रविवारी ते पाचव्या खुर्चीवर होते. दमेकरी माणूस, झोपलेलेच चौघांनी उचलून घरी आणले होते आणि ते उठलेच नाहीत. काकूंचं रडणं ऐकून रंगवाली धावली, तर बाबा तिच्या आधी हजर. काकांच्या गळ्यात हार घालून तो काकूंना सांगत होता, "रडू नका. लाखात एकाला मिळते अशी महाशांती त्यांना मिळाली. येत्या रविवारी तुम्ही हॉलमध्ये या, लोकांना सांगा."

प्रेताच्या उशाशी उभं राहून हा माणूस पुढच्या रविवारची जाहिरात ठरवत होता. रंगवालीला तिथे थांबवेना. ती जिन्यात जाऊन कठडा धरून उभी राहिली. त्याहून वाईट म्हणजे जमलेली माणसं माना डोलवत होती, आणि एकानं हळूच विचारलं, की आपल्या मामांचा नंबर लागेल का.

मंगळवारी कारखान्यात नेहमीचीच गोष्ट घडली. नव्या कामगारानं न ढवळलेल्या डब्यातून वरवरचाच नमुना काढला आणि मुकादम त्याच्यावर खेकसला.

"वरती नुसतं तेल असतं रे. रंग सगळा बुडाशी बसतो. न ढवळता अर्धा डबा वापरलास तर अर्धी भिंत पांचट आणि उरलेली भडक."

हे वाक्य रंगवालीनं हजार वेळा ऐकलं होतं. या वेळी मात्र तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. पाणी कुठे मुरतंय ते तिला एकदम कळलं. न हलवलेली बाटली सहा दिवस पांचट आणि सातव्या दिवशी भडक. आईची बाटली रोज हलली, म्हणून आई रोज थोडी थोडी झोपली आणि सातव्या दिवशी बुडाशी काही उरलंच नाही.

त्या संध्याकाळी तिनं आईची रिकामी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. काच स्वच्छ होती. मग ती काकूंकडे गेली. काकांची बाटली त्यांनी फोटोपाशी ठेवली होती, बाबानंच सांगितलं होतं तसं. तिच्या बुडाच्या कडेला पांढरं खरकटं वाळून चिकटलं होतं.

"काकू, ही मला द्या. दवाखान्यात दाखवून आणते."

काकूंनी फोटोपाशी हात नेऊन बाटली उचलली. "त्यांना नको होता तो घोट," त्या म्हणाल्या. "कडू आहे म्हणत होते. घेऊन जा तू."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खरकटं नखानं खरवडलं.

"झोपेसाठी मुळ्या असतात की," त्या म्हणाल्या. "कुणाला थोडी गुंगी येते, कुणाला काहीच नाही. सात एकत्र केल्या म्हणून सातपट जोर येत नाही. पण धडधाकट माणूस सकाळी दहाला खुर्चीत बसल्या बसल्या कलंडतो, हे मुळीचं काम नाही. मला तर या झोपेच्या गोळ्या वाटतात, कुटून घातलेल्या. त्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, खाली बसतात."

"म्हणजे आठवड्याच्या गोळ्या एका घोटात?"

"जवळजवळ. तरुण माणूस झोपून उठेल. दमेकरी म्हातारा श्वास घ्यायचा थांबेल." त्यांनी बाटली पाकिटात बंद केली. "तपासायला पाठवते. अहवालाला दोन आठवडे लागतील."

रविवार चार दिवसांवर होता. रंगवालीनं दादाला फोन केला. "तू एकदा आईचं बिघडवलंस तेवढं पुरे," म्हणून त्यानं फोन ठेवला. ती त्याच्या घरी गेली, तर वहिनीनं दार अर्धंच उघडलं.

रविवारी सकाळी ती हॉलच्या दारात उभी राहिली. पिशवीत दोन काचेच्या बरण्या आणि कारखान्यातली रंग गाळायची बारीक जाळी होती. डॉक्टरीणबाईंनी दहापर्यंत पोलिसांना घेऊन येते असं कबूल केलं होतं. दहा वाजायला वीस मिनिटं होती आणि बाबा किटली घेऊन पहिल्या खुर्चीकडे निघालाही होता. आई चौथ्या खुर्चीवर, मांडीत बाटली, दोन्ही हात तिच्याभोवती. बाजूला स्टुलावर काकू, साक्ष द्यायला बसवलेल्या.

रंगवाली सरळ आईसमोर जाऊन गुडघ्यावर बसली.

"आई, वीस वर्षं मी एकच काम केलंय. बुडाशी काय बसलंय ते बघायचं. आज एकदा तुझ्यासाठी करू दे."

"पुन्हा बिघडवशील," आई म्हणाली. पण ओंजळ सैल झाली. लेकीचे डोळे तिनं बऱ्याच दिवसांनी इतक्या जवळून पाहिले होते.

"अहो, हलवू नका," बाबा ओरडला. तूप संपलं होतं.

"हलवतच नाहीये," रंगवाली म्हणाली. "तुम्ही सांगितलंय तशीच, न हलवता." तिनं वरचं तपकिरी पाणी धार न मोडता एका बरणीत ओतलं. मग दुसऱ्या बरणीच्या तोंडावर जाळी लावली आणि बाटली उपडी करून बुडावर थाप मारली. पांढरा, चिखलासारखा गाळ थपकन पडला.

"हे मुळ्यांचं सत्त्व आहे," बाबा सभेला म्हणाला. "धरणीमातेचं दूध."

कुणीतरी "खरंय" असंही म्हटलं. माणसाला फसायचंच असलं की चिखलालाही दूध म्हणतो.

रंगवालीनं जाळीवर थोडं पाणी सोडलं. भुकटी खाली गेली आणि वर चारपाच कपचे उरले, पांढरे, टणक. ती जाळी घेऊन काकूंपाशी गेली. काकू तीस वर्षं नवऱ्याबरोबर चष्म्याच्या दुकानात बसलेल्या. त्यांच्या पर्समध्ये काकांचं भिंग होतं. त्यांनी ते डोळ्याला लावलं.

"गोळी आहे," काकू म्हणाल्या. "अर्धी. मधोमध सरळ रेघ आहे, मोडायला असते तशी. कड गोल आहे." त्यांनी भिंग खाली केलं. "मुळीला अशी रेघ नसते."

मग त्यांनी बाबाकडे पाहिलं.

"ते नको म्हणत होते. कडू लागतंय म्हणत होते. तुम्ही मला म्हणालात, मान धरा. मी त्यांची मान धरली."

बाबानं मागच्या जिन्याकडे काढता पाय घेतला, तर तिथे आईला घेऊन आलेला दादा उभा होता. दादा दाराला पाठ लावून तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं पोलीस आले. मागच्या खोलीत एक मिक्सर मिळाला आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेली दोन पोती. मुळ्या शोधल्या, तर पिशवीभर. त्याही एकाच जातीच्या, सात बहिणींचा पत्ता नव्हता. उरलेल्या सतरा बाटल्या डॉक्टरीणबाईंनी मोजून ताब्यात घेतल्या. तरी एक गृहस्थ आपली बाटली सोडेनात. "तुमचं चालू द्या," ते म्हणाले, "पण मला गुण येतो."

अहवालात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच निघालं. आईला त्यांनी समोर बसवून पहिल्यांदाच विचारलं, की झोप का येत नाही. आई म्हणाली, "रात्री मला काही झालं तर कुणाला ऐकूसुद्धा जाणार नाही." हे तिला दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, लेकीनंसुद्धा. आता तिची खाट रंगवालीच्या खोलीत आहे. काही रात्री झोप लागते, काही रात्री लागत नाही. चमत्कार काहीच झालेला नाही.

झोप न येणं हे खरं दुखणं आहे आणि त्यानं पिचलेलं माणूस मूर्ख नसतं. पण कुणी औषध देऊन म्हणालं, की हे उघडून बघू नका, हलवू नका, यात काय आहे ते विचारू नका, तर बुडाशी काहीतरी दडवलेलं आहे एवढं नक्की समजा. नाव विचारा, प्रमाण विचारा, आणि सांगत नसेल तर बाटली तिथेच ठेवून उठा. श्रद्धेला धक्का लागेल म्हणून गप्प बसलेल्यांच्या खांद्यावरूनच काकांना घरी आणलं होतं.

काकू आता दुकान एकट्या चालवतात. चष्मा न्यायला आलेली माणसं त्यांची समजूत घालतात. "तुम्हाला तरी काय माहीत होतं," असं म्हणतात.

"माहीत नव्हतं हे खरं," काकू काच पुसत म्हणतात. "पण मी विचारलंही नव्हतं."