साळव्यांनी पाणी सोडलं

"आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचंय. नातवाचं नाव सांगा आणि त्याला आत पाठवा."

टेबलामागच्या मुलीनं हे इतक्या गोडीनं सांगितलं की साळवे खरोखरच दोन पावलं मागे सरले. मागे सरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपण नातवाला आणलेलंच नाही. आपल्याला नातूच नाही. एक नात आहे, ती चार वर्षांची, आणि तिला अजून 'क' काढता येत नाही.

"नाव माझंच आहे," ते हळूच म्हणाले. "कचरू साळवे. सुनेनं मोबाईलवर फॉर्म भरलाय."

मुलीच्या गळ्यातल्या कार्डावर 'नम्रता, स्वयंसेवक' असं लिहिलं होतं. तिनं यादीवरून बोट फिरवलं. "हां, आहे. कचरू... हे टोपणनाव का? म्हणजे लेखनासाठी घेतलेलं?"

"नाही. आईनं ठेवलेलं."

"सॉरी हं, काका."

आजोबांचे एका मिनिटात काका झाले. ही बढतीच, असं समजून साळव्यांनी आपलं कार्ड गळ्यात अडकवलं. नावाखाली छापलं होतं, 'नवोदित लेखक'. एकाहत्तराव्या वर्षी उदय! जिन्यावर कुणी नाही असं पाहून त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात सरकवलं.

कर्वेनगरातल्या एका कॉलेजात मे महिन्याच्या सुट्टीत तीन दिवसांचं लेखक संमेलन भरलं होतं. सकाळी नामवंतांची भाषणं, दुपारी दहा-दहा जणांचे गट. गटात प्रत्येकानं आपलं लिखाण वाचायचं, त्यावर चर्चा, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक गटातल्या एकानं मोठ्या सभागृहात पाच मिनिटं वाचायचं. सभागृहाशी साळव्यांना काही कर्तव्य नव्हतं. त्यांना फक्त एक गोष्ट विचारून घ्यायची होती. निवृत्तीनंतर त्यांनी अकरा वह्या भरल्या होत्या. बायको होती तोवर ते तिला वाचून दाखवत, आणि हिरा भाजी निवडता निवडता ऐकत असे. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. आता जाणत्या माणसाला विचारायचं, हे लिखाण आहे की नुसतं खरडणं? खरडणं असेल तर वह्या रद्दीत घालायच्या आणि निवांत दुसऱ्यांची पुस्तकं वाचायची. ते काम त्यांना बऱ्यापैकी जमत होतं.

वाचायची सवय नोकरीनं लावली होती. साळवे महापालिकेत चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, कमरेइतकी लांब चावी आत घालायची, मोजून आटे फिरवायचे, की गल्लीला पाणी सुटायचं. दीड तासानं तेवढेच आटे उलटे फिरवायचे आणि पुढच्या झाकणाकडे जायचं. मधल्या वेळात बाकीचे चहाला जात. साळवे सायकल झाकणाला आडवी लावून जवळच्या पायरीवर वाचनालयाचं पुस्तक उघडत. आधी पेठांमध्ये, मग कर्वेनगरात, शेवटी वारज्यात. छत्तीस वर्षांत एक वाचनालय वाचून झालं आणि दुसरं निम्म्यावर आलं.

त्यांच्या गटाचे मार्गदर्शक होते रणजित देवकुळे. पंचेचाळिशीचे, नावावर पाच पुस्तकं, अंगात झब्बा आणि पायात पळायचे बूट. "मला सर म्हणायचं नाही, नुसतं रणजित म्हणायचं," त्यांनी पहिल्याच मिनिटाला बजावलं. "हो सर," गट एका सुरात म्हणाला.

मग एका वाक्यात ओळख करून द्यायची होती. साळव्यांच्या शेजारी शालनताई बसल्या होत्या. मराठीच्या निवृत्त शिक्षिका; ताठ मान, शेंदरी काठाची सुती साडी. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं दुसऱ्यांचे निबंध वाचले. आता सूड म्हणून लिहिते."

या वाक्यानंतर बोलायची पाळी साळव्यांची होती.

"मी वाचतो," ते म्हणाले, आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र सुटका नव्हती. खाकी कव्हर घातलेली वही उघडताना पान दोनदा निसटलं. त्यांनी घसा खाकरला आणि पहिलं वाक्य वाचलं.

"छत्तीस वर्षं मी पाणी सोडलं."

"कशावर?" शालनताईंनी विचारलं.

सगळी खोली फुटल्यासारखी हसली. रणजितसरही हसले. साळव्यांना क्षणभर कळेचना, आणि मग कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. संसारावर पाणी सोडलं, जमिनीवर पाणी सोडलं, असं त्यांनी शेकडो पुस्तकांत वाचलेलं होतं. तरी लिहिताना ते एकदाही मनात आलं नाही. पुस्तकातलं पाणी तळहातावरून ताम्हनात पडतं आणि संपतं. त्यांच्या हातचं पाणी चौथ्या मजल्यावर चढत असे. तोंडी असलेला शब्द इतका ओला, की त्याला दुसरा, कोरडा अर्थ आहे हेच ते विसरले होते.

तेही कसनुसं हसले. पुढची दोन पानं त्यांनी मान वर न करता, एका दमात वाचून टाकली. वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली. निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला: वह्या रद्दीत.

"काका," रणजितसर म्हणाले, "हे तुम्ही आजवर ठेवलं कुठे होतंत? अहो, हे लिखाण आहे. उद्या आपल्या गटाकडून तुम्हीच वाचायचं."

साळव्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"फक्त ते पहिलं वाक्य तेवढं बदलू. आत्ता पाहिलंत ना, दहाजण हसले. उद्या चारशे असतील. पहिल्याच वाक्याला हशा झाला की पुढे काय वाचलं ते कुणाला ऐकूच येत नाही. 'पाणीपुरवठा केला' असं करू. तुम्ही त्रास घेऊ नका, वहीचा फोटो द्या, मी टाइप करून आणतो."

"बरं," साळवे म्हणाले. छत्तीस वर्षं साहेबलोकांना 'बरं' म्हणून म्हणून जिभेला ती वाट पाठ झाली होती.

संध्याकाळी वारज्याच्या घरी निकिता, त्यांची सून, कणीक मळत होती. मुलगा अनिरुद्ध अजून यायचा होता. "काय बाबा, काय म्हणाले?"

"लिखाण आहे म्हणाले. उद्या मोठ्या हॉलमध्ये वाचायचंय."

"काय सांगता! अनिरुद्धला फोन करते थांबा. आणि मग तोंड का असं? दाढ दुखत असल्यासारखं?"

साळव्यांनी सांगितलं. शालनताईंचा प्रश्न सांगितला तेव्हा निकितालाही हसू आलं. तिनं ते कणकेत दाबलं.

"पण बाबा, एक सेंटेन्स तर आहे. बदलला तर काय होतंय?"

"काही नाही होत. एकच तर आहे."

तिनं कणकेवर पाण्याचा हात फिरवला.

"तुम्ही लोक आपसात काय म्हणायचात?" तिनं विचारलं.

"पाणी सोडायचं. आज कुणी सोडलं, किती वाजता सोडलं, असंच."

"आणि मग पुरवठा कोण करतं?"

"पुरवठा खातं करतं," साळवे म्हणाले. "सोडायला माणूस लागतो."

निकितानं परातीतून मान वर केली. "हेच त्यांना सांगायचं ना मग."

"एवढ्या मोठ्या लेखकाला आपण काय सांगायचं?"

"नका सांगू. नुसतं वाचा."

जेवणाआधी ते वही घेऊन गॅलरीत बसले. शालनताईंचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नव्हता. त्या बाई थट्टेनं बोलल्या, पण प्रश्न खोटा नव्हता. वाक्य असं होतं की त्यापुढे प्रश्न यायचाच. त्यांनी पहिल्या ओळीखाली खूण केली, समोरच्या कोऱ्या पानावर उत्तर लिहायला घेतलं, आणि निकितानं "ताट वाढलंय" म्हणून तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पेन खाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सभागृहाबाहेर चहाची गर्दी होती. रणजितसरांनी झब्ब्याच्या खिशातून कागद काढला. सुबक टाइप केलेला, मोठी अक्षरं, ओळींत भरपूर अंतर. पहिलं वाक्य होतं: 'मी छत्तीस वर्षे शहराला पाणीपुरवठा केला.' साळव्यांनी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखन चोख होतं. नाव ठेवायला जागा नव्हती.

"सर, हे मी केलेलं नाही."

"म्हणजे?"

"पुरवठा मी केला नाही. तो खात्यानं केला. मी सोडलं."

"अहो काका, अर्थ तोच की!"

"नाही, सर." हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडले आणि साळव्यांना स्वतःचंच नवल वाटलं. पण आता थांबता येत नव्हतं. "मी वहीतूनच वाचतो. नसेल चालत तर दुसऱ्या कुणाला द्या. माझी काही तक्रार नाही."

"अहो, तुमच्याच भल्याचं सांगतोय. लोक हसतील."

"हसू देत."

शालनताई शेजारीच चहात बिस्कीट बुडवत उभ्या होत्या. "रणजित," त्या म्हणाल्या. गटात सरांना नुसतं रणजित म्हणणाऱ्या त्या एकट्याच. "वाक्य मी तपासलंय. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी आहे. वाक्य चुकलेलं नाही, वर्ग चुकला. आणि वर्गात पहिली मी."

एवढं बोलून त्यांनी मऊ पडलेलं बिस्कीट वेळेत तोंडात टाकलं.

रणजितसरांनी कागदाची घडी घातली. ते रागावले नव्हते. जरा गोंधळले होते. "ठीक आहे. वहीतून वाचा. पण पाच मिनिटं. घंटी वाजली की थांबायचं, मग वाक्य अर्धं का असेना. कुणालाच सूट नाही."

"बरं," साळवे म्हणाले.

सभागृह भरलेलं होतं. चौथ्या रांगेत निकिता आणि अनिरुद्ध, मांडीवर नात. मंचाच्या कडेला एका छोट्या टेबलावर पितळी घंटी, आणि तिच्यापाशी नम्रता, हातात घड्याळ. साळव्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी 'कचरू' हे पुटपुटून पाहिलं. निवेदकानं विचारलं होतं, परिचयात काय सांगू, निवृत्त मनपा कर्मचारी? साळवे म्हणाले होते, चावीवाला म्हणा. तसंच सांगितलं गेलं.

माइक त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होता. तो खाली घ्यायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून त्यांनीच तो घेतला. पेच फिरवून, सवयीच्या हातानं.

"छत्तीस वर्षं मी पाणी सोडलं."

हसू आलंच. डावीकडून सुरू झालं आणि मागच्या रांगांपर्यंत गेलं. साळवे थांबले. पाणी सोडलं की नळातून आधी नुसती हवा फुरफुरते. ती निघून जाऊ द्यावी लागते. ती निघून गेली. मग त्यांनी पुढची, काल संध्याकाळी लिहिलेली ओळ वाचली.

"कशावर, असं मला एका बाईंनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की कशावरही नाही.

"अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी एक विहीर होती. तिच्या काठावर माझ्या आईला चढू देत नसत. ती घागर घेऊन खाली बसायची. वरचं कुणी यायचं, आणि त्याच्या मनात आलं तर तो तिच्या घागरीत वरून पाणी वाढायचा. मनात आलं नाही तर ती बसून राहायची. तिच्या मांडीवर मीही बसलेलो आहे. पाणी वाढणाऱ्याचा चेहरा मला आठवत नाही, कारण आई वर बघू नको म्हणायची.

"त्या बाईच्या पोराच्या हातात या शहरानं चावी दिली. मी आटे फिरवले की पाणी बंगल्यात जायचं, चाळीत जायचं, देवळात जायचं, विहारात जायचं. उशीर झाला म्हणून कुणी अंगावर आलं, कुणी पायरीवर बसू दिलं नाही, कुणी बसायला चटई दिली. आटे सगळ्यांना सारखेच फिरवले. छत्तीस वर्षांत मी कुणाला पाणी वाढलं नाही. मी सोडलं."

दुसऱ्या रांगेत शालनताईंनी चष्मा काढला होता आणि तो पुसायचं विसरून त्या नुसत्याच हातात धरून बसल्या होत्या.

ते पुढची पानं वाचत गेले, आणि घंटी वाजली.

साळवे थांबले. वहीवर अजून अर्धं पान उरलं होतं. त्यांनी नम्रताकडे पाहिलं, मग खाली पहिल्या रांगेतल्या रणजितसरांकडे, आणि माइकमध्ये, विनवणीचा सूर नसलेल्या साध्या आवाजात म्हणाले, "अजून आहे."

नम्रतानं रणजितसरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून ऐकत होते. तिनं घंटीवर तळहात ठेवला.

साळव्यांनी पान उलटलं.

"आई एकदाच पुण्याला आली. सकाळी सहा वाजता मी तिला झाकणापाशी घेऊन गेलो, चावी आत घातली, आणि म्हणालो, आई, धर."