वल्लरीच्या लग्नातली फॉन्टसफाई

आमच्या घराण्यातल्या लग्नांत मंगलाष्टकं मी म्हणते. ठरलेलंच आहे ते. दर लग्नाला नवी रचते. नवरा-नवरीची नावं, दोघांची आजोळं, सगळं वृत्तात बसवते आणि माईकवर अशी चढवते की मोबाईलात तोंड घातलेलेसुद्धा मान वर करतात. वल्लरी ही माझ्या भावाची, किशोरची, एकुलती एक मुलगी. तिच्यासाठी तर मी महिनाभर शब्द घासत होते. आणि नेमकी मुलाकडे निघाली साधनाबाई! मुलाची मावशी. तीही मंगलाष्टकं म्हणते, स्वतः रचते, वर गाणं शिकलेली. साखरपुड्यातच मला म्हणाली, "घसा बसला तर सांगा हं सुमेधाताई, मी आहे." घसा बसला तर म्हणे! तेव्हाच ठरवलं, वल्लीच्या लग्नात या बाईच्या हाती माईक जाऊ द्यायचा नाही.

आता आमचे हे, म्हणजे दिवाकर. ओझरच्या कारखान्यात टूल रूममध्ये सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर सोसायटीच्या नोटिसा टाईप करायला घरच्या कॉम्प्युटरवर बसले आणि फॉन्टांच्या नादी लागले. फुकटात अक्षर दिसलं की घे उतरवून. पाण्याची टाकी धुणार, एवढीच नोटीस, पण अक्षरं वेलबुट्टीची! शेवटी इतके फॉन्ट साठले की टायपिंगचा प्रोग्राम उघडेपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी नऊवारीत गुंतलेली. ह्यांना म्हटलं, "अहो, माझी मंगलाष्टकं छापा तेवढी. समोरच फाईल आहे." प्रोग्राम उघडेना. माझं तोंड सुटलं. "ती फॉन्टांची अडगळ काढा आधी! माणसं राहतात का गोदाम आहे हे?" या माणसानं जन्मात कधी माझं ऐकलं नाही, आणि त्या दिवशी ऐकलं.

टूल रूमची शिस्त अशी, की प्रत्येक हत्यार तपासायचं आणि जे बिघडलेलं निघेल त्याला लाल चिठ्ठी लावून बाहेर काढायचं. हे फॉन्टांची खिडकी उघडून तसेच तपासायला बसले. तिथे प्रत्येक फॉन्टचा नमुना म्हणून एक इंग्रजी वाक्य दिसतं. बाकीच्यांत ते नीट दिसलं. पण माझा 'गोदातरंग' फार जुना. त्यात इंग्रजी अक्षराचं बटण दाबलं की त्या जागी मराठी अक्षर उमटतं. त्यामुळे त्या वाक्याच्या जागी ह्यांना नुसता ठ, ढ, क्ष आणि सुटे काने-मात्रे दिसले. "हा पार कामातून गेलाय," असं म्हणाले आणि उडवला. माझी आठही कडवी त्याच फॉन्टात!

मग छापली. वाचली का? छे! कागद सरळ आला एवढं पाहिलं. वर सफाई किती झकास झाली ते मला दाखवायला उरलेल्या मराठी फॉन्टांची नावं आणखी एका पानावर छापली, प्रत्येक नाव त्याच्याच अक्षरात. दोन्ही पानं एका फोल्डरमध्ये घालून माझ्या हातात दिली. मी गजऱ्याच्या घाईत. फोल्डर काखेत मारला आणि गंगापूर रोडवरचं लॉन गाठलं.

अंतरपाट धरला. देवव्रत गुरुजींनी मला खूण केली. गणपतीचं पहिलं कडवं पाठ होतं, ते दणक्यात म्हटलं. साधनाबाईचा चेहरा बघून घेतला. मग फोल्डर उघडला.

पानभर इंग्रजी अक्षरं. मधेच डॉलर, मधेच टक्का. अगं बाई! महिनाभर इतकी खाडाखोड केली होती की दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्दही डोक्यात येईना. पुढच्या रांगेत हे अंगठा वर करून हसत होते. आणि साधनाबाई? तिनं दुसरा माईक उचलला होता. घसाही खाकरला.

मी पान उलटलं. समोर ह्यांच्या उरलेल्या फॉन्टांच्या नावांची फौज.

आता आपल्याकडे एक कडवं नद्यांच्या नावांचं असतंच. ती नावं कोण तपासतं? लोकांच्या मुठीत अक्षता असतात आणि डोळे जेवणाच्या मांडवाकडे. देवाचं नाव घेतलं आणि सूर लावला.

"तिल्लाना अपराजिता नि सरला, गार्गी नि मुक्ता तशी
बिर्याणी सुमना नि मोदक सुरा, रक्षोत जोडी नवी…"

वृत्तात चपखल बसलं हो! मलाच भरून आलं. "शुभमंगल सावधान!" म्हटल्यावर अक्षतांचा पाऊस पडला. मागून कुणीतरी विचारलं, "बिर्याणीपण आहे का?" अंतरपाट गदगदा हलायला लागला, कारण त्याच्या एका बाजूला वल्लरी हसत होती आणि दुसऱ्या बाजूला तो मुलगा. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की बस! पण मुहूर्त गाठायचा होता. त्यांनी पुढचं स्वतःच सुरू केलं. साधनाबाईनं माईक खाली ठेवला.

जेवणानंतर ती सरळ माझ्याकडेच आली. मी पदर खोचला. आता होऊन जाऊ दे.

"सुमेधाताई, त्या अपराजिता, गार्गी, मुक्ता… कोण हो या?"

"आमच्या घरातल्याच," मी म्हटलं. खोटं कुठे होतं?

बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी. "आम्ही नद्यांना हाका मारत बसतो आणि घरच्या बायका राहूनच जातात. काय सुचलं हो तुम्हाला! पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न आहे विंचूरला. तुम्हीच म्हणायचं. हेच कडवं हवं." मग हळूच म्हणाली, "बिर्याणी हे जरा वेगळं नाव आहे, नाही?"

"लाडाचं आहे," मी म्हटलं.

माईक माझ्याकडेच राहिला. पण महिनाभर घासलेली माझी आठ कडवी? ह्यांनी तोंड बारीक करून 'गोदातरंग' परत बसवला, कडवी सुबक छापून दिली. मांडवपरतणीला वल्लरी आली तेव्हा मी ते पान तिच्या हातात ठेवलं. तिनं वाचलं. "किती गोड आत्या!" म्हणाली, गळ्यात पडली. मला हुंदकाच आला. म्हटलं, पोरीपर्यंत पोचलं एकदाचं.

मग मिठी न सोडताच म्हणाली, "आत्या, आणि ते बिर्याणीवालं मला पाठव ना. सासरी सगळे मागतायत."

पाठवलं. काय करता, पोरगी आपली.