अण्णांचा फोटो नसलेलं पत्रक

आमच्या संस्थेचं मासिक पत्रक ईमेलने चारशे बारा जणांना जातं आणि त्यातले फक्त एकवीस जण ते उघडतात, हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्या एकवीसांतले पंधरा आमच्याच कार्यकारिणीतले. आपापला फोटो आलाय का, एवढंच ते बघतात.

जळकोटला हायवेपासून थोडं आत आमचं मुलींचं वसतिगृह आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या मुली इथे राहून शाळा शिकतात. मी तारामती. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले आणि इथली अधीक्षक झाले. कविता विचारा, शुद्धलेखन विचारा, पण गणिताचं नाव माझ्यापुढे काढू नका. आणि नेमकं तेच पुढ्यात आलं. संध्याकाळी मुलींना गणित शिकवायला येणारे सर दिवाळीनंतर बदली होऊन परंड्याला गेले. दहावीच्या नऊ मुली माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

त्यातली शिवप्रिया सगळ्यात हुशार आणि गणिताला सगळ्यात जास्त भिणारी. तिचे वडील तोडीला जाताना मला स्पष्ट सांगून गेले होते, "बाई, पास झाली तर फुडं शिकवतो. न्हाय झाली, तर पुढच्या हंगामाला आमच्यासंगं येईल." एकदा हातात कोयता आला की मुलगी परत शाळेकडे वळत नाही, हे मी चार जणींच्या बाबतीत पाहिलंय. पाचवी मला बघायची नव्हती. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

आमच्या जुन्या मुली आणि गावचे लोक पुण्या-हैदराबादपर्यंत पसरलेत. त्यांच्यातलं कोणीतरी फोनवरून शिकवेल, म्हणून पत्रकातून मदत मागायचं ठरलं. पण पत्रक बब्रुवानअण्णांच्या ताब्यात. अण्णा आमचे अध्यक्ष. मनाने मोठा माणूस, वसतिगृहाची जागासुद्धा त्यांनीच दिलेली. पत्रक मात्र त्यांना चौकातल्या फ्लेक्ससारखं लागतं. वर हात जोडलेले अण्णा, खाली उपाध्यक्ष, मग सचिव, मग सदस्य, मानाप्रमाणे लहान लहान होत गेलेले फोटो. एखादा राहिला तर तो वर्षभर बोलत नाही. त्याखाली 'मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते' सुरू होतं ते संपता संपत नाही. डिसेंबरच्या अंकात गणिताची विनंती अगदी तळाला, आभारांच्या वर कोंबलेली होती. एकाचंही उत्तर आलं नाही.

"अण्णा, असलं पत्रक कोण वाचणार?" मी विचारलं.

"बाई, फोटो गाळला की मानसं तुटतात. तुमाला न्हाय कळायचं ते."

मला चांगलं कळत होतं, म्हणून तर जास्त संताप आला. तणतणत स्वयंपाकघरात गेले. आमची गंगम्मा नातवाच्या बारशाचं आवतन देऊन नुकतीच परतली होती आणि पाणी पीत होती. आमच्याकडे छापील पत्रिका कितीही वाटा, दारात जाऊन तोंडी आवतन दिल्याशिवाय पाहुणा येत नाही.

"काय सांगतेस गं दारात?" मी उगाच विचारलं.

"काय सांगायचं? नाव घेऊन हाक मारायची. काय हाय अन् कवा यायचं ते सांगायचं. येतो म्हनल्याबिगर उंबरा सोडायचा न्हाय."

"आणि तुमच्या घरातली थोर मंडळी? त्यांची नावं नाही सांगत?"

"त्यांचं काय करायचं, बाई? लोक पोरगं बघायला यायलेत."

मी तशीच उठले. अभ्यासाच्या खोलीत शिवप्रिया वहीवर डोकं टेकून बसली होती. वहीत एक वाफा होता. लांबी रुंदीपेक्षा सात मीटरने जास्त, क्षेत्रफळ साठ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी किती? समीकरण मांडून ती तिथेच थांबली होती. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढं काय?'

"हे पान सगळ्यांना पाठवू?" मी विचारलं.

ती दचकली. "लई चुकलंय का, बाई?"

"चुकलं नाही. अडलंय."

तिने थोडा विचार केला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

संस्थेचा संगणक सांभाळते ती संघप्रिया. प्रत्येक ईमेलवर ज्याचं त्याचं नाव घालता येतं, असं ती म्हणाली.

"मग आजवर का नाही घातलंस?"

"वर अण्णांचा फोटो असतोय की. जागाच न्हाय उरत."

त्या दिवशी जागाच जागा होती. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'शिवप्रियाचं गणित इथं अडलंय'. आत ज्याचं त्याचं नाव, वहीच्या पानाचा फोटो आणि चार ओळी. शिवप्रिया दहावीला आहे. शिकवायला कोणी नाही. रविवारी संध्याकाळी सहा वाजता तासभर फोनवर याल का? येणार असाल तर आजच 'येतो' एवढं कळवा. खाली माझं नाव. अण्णांना न विचारता पाठवून दिलं. मला कामावरून काढलं तर काढू देत, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे सहा जणांनी ते उघडलं होतं. कोणी बिलाच्या पाठीवर, कोणी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला गणित सोडवून फोटो पाठवले होते. आणि एक उत्तर अर्पिताचं होतं. आमच्या पहिल्या तुकडीतली, आता हैदराबादला इंजिनिअर. 'बाई, तुमचं पत्रक मी सात वर्षं न उघडताच पुसत आले. माफ करा. रविवारी सहाला येते. परीक्षेपर्यंत दर रविवारी येते.' मी रडले. त्यात लपवायचं काय?

अण्णा रुसले. तीन रविवार फिरकले नाहीत. चौथ्या रविवारी तास संपता संपता दारात उभे.

"फोटो न्हाय माझा," ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

त्यांनी खिशातून घडी पडून मळलेला कागद काढला. "पत्रक पयल्यांदाच सगळं वाचलं. त्याच दिवशी गणित सोडवून ठिवलंय. बघ गं पोरी. रुंदी बारा, लांबी एकोणीस."

शिवप्रियाने कागद घेतला आणि मनातल्या मनात गुणाकार केला. मग तिने माझ्याकडे बघितलं. अण्णांची चूक जळकोटात कोणी काढत नाही. मी मानेनेच 'सांग' म्हटलं.

"अण्णा, वाफा साठचा हाय. तुमी दोनशे अठ्ठावीसचा केलाव," ती म्हणाली. "चिन्हं उलटी पडली. रुंदी पाच, लांबी बारा." तिने लाल पेन घेतलं आणि चूक दुरुस्त करून कागद त्यांच्या हातात दिला. फोनवरून अर्पिता हलक्या आवाजात 'शाब्बास' म्हणाली.

अण्णांनी लाल आकडे बोट ठेवून वाचले. मग खो-खो हसले. "हे छापा पुढच्या अंकात. सगळ्यात वर."

"लोक हसतील, अण्णा."

"हसू द्या की. पोरगी शिकली, ते तर दिसंल." ते निघाले आणि दारातून परत वळले. "खाली माझं नाव टाका मात्र. चूक माझी हाय."